शार्क, ड्रॅगन आणि समोर उभा उद्योजक : धंद्याच्या रिॲलिटी शोबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्योजक आत येतो, पैसे मागतो, पाच जण त्याला उलटसुलट प्रश्न विचारतात आणि दहा मिनिटांत सोक्षमोक्ष लागतो. एवढ्याशा साच्यावर वीस वर्षांहून अधिक काळ जगभर कार्यक्रम चालले आहेत. ते लोकांना का आवडतात, पडद्यामागे काय घडतं आणि त्यातल्या आकड्यांचा अर्थ काय, याची उत्तरं खाली दिली आहेत. ज्यांना फक्त हिशेब समजून घ्यायचा आहे त्यांनी थेट पाचव्या प्रश्नावर जावं.

१. धंद्याचा रिॲलिटी शो नेमका कशाला म्हणायचं?

मुख्य प्रकार दोन. पहिल्यात उद्योजक स्वतःचा धंदा घेऊन गुंतवणूकदारांसमोर येतो आणि ठरावीक रकमेच्या बदल्यात कंपनीतला हिस्सा देऊ करतो. 'ड्रॅगन्स डेन' आणि 'शार्क टँक' या जातीचे. इथे प्रत्येकाची लढत स्वतंत्र असते. एकाला पैसे मिळाले म्हणून दुसऱ्याचे जात नाहीत. दुसऱ्या प्रकारात स्पर्धकांच्या दोन टीम पाडतात, दर आठवड्याला विक्रीचं किंवा जाहिरातीचं एखादं काम देतात आणि हरलेल्या टीममधल्या कुणालातरी घरी पाठवतात. 'द ॲप्रेंटिस' हा त्याचा नमुना.

अडचणीतला धंदा सावरण्याचे कार्यक्रमही असतात, उदाहरणार्थ मार्कस लेमोनिस यांचा २०१३ मध्ये सुरू झालेला 'द प्रॉफिट'. पण तिथे स्पर्धा नसते, म्हणून ते इथे घेतलेले नाहीत.

२. हा प्रकार आला कुठून?

पिचचा, म्हणजे गुंतवणूकदारांसमोर धंदा मांडून पैसे मागण्याचा, साचा जपानचा. निप्पॉन टेलिव्हिजनवर २००१ ते २००४ या काळात 'मनी नो तोरा' (पैशांचे वाघ) नावाचा कार्यक्रम चालला. त्यावरून बीबीसीने जानेवारी २००५ मध्ये 'ड्रॅगन्स डेन' आणला. पुढच्या वर्षी कॅनडाची आवृत्ती आली आणि ९ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 'शार्क टँक' सुरू झाला. त्यातले गुंतवणूकदार, म्हणजे 'शार्क', केव्हिन ओ'लिअरी आणि रॉबर्ट हर्जावेक कॅनडाच्या खुर्च्यांवर आधीच तयार झालेले होते. जर्मनीत २०१४ मध्ये, तर भारतात २० डिसेंबर २०२१ रोजी हाच साचा पोहोचला. जपानमधल्या वाघाचा वाटेत कुठे ड्रॅगन झाला, कुठे शार्क, कुठे सिंह; खुर्च्या, प्रश्न आणि नियम मात्र जवळजवळ तेच राहिले.

टास्कचा साचा अमेरिकेचा. मार्क बर्नेट या निर्मात्याने २००० मध्ये निर्जन बेटावर तग धरण्याची स्पर्धा 'सर्व्हायव्हर' अमेरिकेत गाजवली होती. बेटाच्या जागी न्यूयॉर्क शहर ठेवून त्यानेच ८ जानेवारी २००४ रोजी एनबीसीवर 'द ॲप्रेंटिस' आणला. १६ स्पर्धक होते आणि पहिलं काम होतं रस्त्यावर लिंबू सरबत विकण्याचं. विजेत्या बिल रॅन्सिकला वर्षाला अडीच लाख डॉलर पगाराची नोकरी मिळाली. 'शार्क टँक'चा निर्माताही हाच बर्नेट, त्यामुळे दोन्ही घराण्यांचं नाटक एकाच हातचं वाटतं ते उगाच नाही.

३. यात लोकांना एवढं आवडतं तरी काय?

सगळ्यात मोठं कारण म्हणजे पारख. कुणाच्या तरी धंद्याची किंमत ठरवणं ही एरवी बंद दाराआड, महिनोन्‌महिने आणि वकिलांच्या भाषेत चालणारी गोष्ट. इथे ती डोळ्यांसमोर होते, आणि प्रेक्षकाला तिच्यात स्वतःचा डाव टाकता येतो. मागणी ऐकली की आपण मनात म्हणतो, "फार मागतोय." मग विक्रीचा आकडा येतो आणि मत बदलतं. नफ्याचा आकडा आला की पुन्हा बदलतं. शेवटी खुर्चीतली माणसं निकाल देतात आणि आपला अंदाज बरोबर की चूक, हे लगेच कळतं. अंदाज, पुरावा, निकाल हे पूर्ण चक्र दहा मिनिटांत फिरतं आणि एका भागात तीन-चार वेळा फिरतं. मालिकेत यासाठी महिनाभर थांबावं लागतं.

दुसरं कारण पैशांबद्दलचा उघडेपणा. महिन्याची विक्री किती, कर्ज किती, स्वतः पगार घेतोस का, मागच्या वर्षी तोटा का झाला, हे प्रश्न माणूस सख्ख्या भावाला विचारत नाही. इथे ते पहिल्या पाच मिनिटांत येतात आणि उत्तर द्यावंच लागतं.

तिसरं कारण म्हणजे पारडं फिरण्याचा क्षण. सुरुवातीला उद्योजक याचक असतो. दोन गुंतवणूकदारांना एकच धंदा हवासा वाटला की क्षणात ते आपापसांत भांडू लागतात, आपल्या ओळखी आणि दुकानांच्या साखळ्या मोजून दाखवतात, आणि मघाशी घाम पुसणारा माणूस शांतपणे म्हणतो, "मला दोन मिनिटं विचार करू द्या." हा उलटफेर प्रत्येक भागात एकदा तरी हवाच, हे निर्मात्यांना पक्कं ठाऊक असतं.

वस्तूंची निवडही यात मोठी भूमिका बजावते. पडद्यावर बहुतेक वेळा घरात, अंगावर किंवा ताटात येणारी वस्तू दिसते. कंपन्यांना विकायचं हिशेबाचं सॉफ्टवेअर क्वचितच दिसतं, कारण त्याचं प्रात्यक्षिक वीस सेकंदांत होत नाही. 'स्क्रब डॅडी' हा हसऱ्या चेहऱ्याचा स्पंज थंड पाण्यात कडक आणि गरम पाण्यात मऊ होतो. दोन वाट्या पाणी घेतलं की सगळ्यांना कळलं. २०१२ मध्ये 'शार्क टँक'वर ॲरन क्राउसने त्यासाठी १ लाख डॉलरला १० टक्के देऊ केले होते. शार्क लोरी ग्राइनरने २ लाख डॉलर देऊन २० टक्के घेतले. रक्कम दुप्पट, हिस्सा दुप्पट, म्हणजे कंपनीची किंमत तीच राहिली. हे ज्याच्या तिथल्या तिथे लक्षात येतं तो या शोचा खरा प्रेक्षक.

४. अपमान आणि रडारड हेच खरं आकर्षण नाही का?

थोडंफार आहे. स्पर्धकाला घरी पाठवताना डोनाल्ड ट्रम्प म्हणत त्या "यू आर फायर्ड" या दोन सेकंदांच्या वाक्यावर अख्खा 'द ॲप्रेंटिस' उभा राहिला होता. पण अपमानाची सवय लवकर होते आणि पुढच्या वेळी मात्रा वाढवावी लागते. जास्त टिकले ते पिचचे शो, जिथे नकारासोबत कारणही मिळतं. "बंद कर हे" एवढंच म्हणणारा परीक्षक दोन भाग करमणूक करतो. "तुझा माल चांगला आहे, पण एका ग्राहकामागे तू कमावतोस त्यापेक्षा जास्त जाहिरातीवर घालवतोस, म्हणून मी बाहेर," असं म्हणणारा वर्षानुवर्षं बघवतो.

५. "५० लाखांना १० टक्के" याचा हिशेब कसा करायचा?

रकमेला टक्क्यांनी भागा आणि १०० ने गुणा. ५० लाख भागिले १० म्हणजे ५ लाख, गुणिले १०० म्हणजे ५ कोटी. हे झालं मूल्यांकन, आणि तेही गुंतवणूक आत आल्यानंतरचं. आलेले ५० लाख वजा केले तर आजच्या कंपनीची किंमत उद्योजक साडेचार कोटी सांगतो आहे. पडद्यावर सहसा पहिलाच आकडा बोलला जातो.

आता हा आकडा विक्रीशी ताडा. वर्षाची विक्री १ कोटी असेल तर तो विक्रीच्या ५ पट मागतोय. निव्वळ नफा १० लाख असेल तर नफ्याच्या ५० पट. दुसरा आकडा ऐकून गुंतवणूकदाराचा चेहरा पडतो, कारण नफा वाढला नाही तर मुद्दल फिटायला ५० वर्षं लागतील. उत्तर म्हणून उद्योजक वाढीचा वेग दाखवतो: गेल्या वर्षी ४० लाख, यंदा १ कोटी, पुढच्या वर्षी अडीच. पुढची सगळी घासाघीस याच शेवटच्या आकड्यावर कुणाचा किती विश्वास, यावर चालते.

एक खोच नेहमी निसटते. "चालू दराने वर्षाला ३ कोटी" म्हणजे ३ कोटींची विक्री झालेली नसते. गेल्या महिन्याच्या २५ लाखांना १२ ने गुणलेलं असतं, आणि तो महिना सणाचा असू शकतो.

६. सगळे आधी विक्रीच का विचारतात?

कारण बाकी सगळं मत असतं आणि विक्री हा पुरावा असतो. तिच्यानंतर येणारे प्रश्नही जवळजवळ ठरलेले:

- एक नग बनवायला किती आणि विकायला किती? २०० ला बनून ५०० ला जात असेल तर ६० टक्के मार्जिन. पण दुकानदाराला ३०० ला देत असाल तर तेच ३३ टक्क्यांवर येतं. उद्योजक पहिला आकडा सांगतात; अनुभवी गुंतवणूकदार लगेच विचारतो, "थेट विक्री किती आणि दुकानांतून किती?"
- एक नवा ग्राहक मिळवायला जाहिरातीवर किती जातात?
- तोच ग्राहक पुन्हा येतो का? एकदाच घेण्याच्या वस्तूत पहिल्याच विक्रीत सगळा खर्च सुटावा लागतो.
- माल किती पडून आहे आणि उधारी किती दिवसांची आहे? नफा दाखवणारा धंदाही रोकड संपून बंद पडतो, तो बहुधा इथेच.
- पेटंट कुणाच्या नावावर आहे?

आकडा चुकला की सहसा खेळ संपतो. अपवाद आहेत. २००७ मध्ये 'ड्रॅगन्स डेन'वर गिटार वाजवत 'रेगे रेगे सॉस' घेऊन आलेल्या लेव्ही रूट्सने २५ लाख लिटरची ऑर्डर असल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात ती २,५०० किलोंची निघाली. तरीही पीटर जोन्स आणि रिचर्ड फार्ले यांनी ५० हजार पौंड देऊन ४० टक्के घेतले. चूक हिशेबाची होती, लबाडीची नव्हती, आणि सॉस चांगला होता.

७. हिस्सा, कर्ज आणि रॉयल्टी यांत फरक काय?

हिस्सा दिला की तो कायमचा. कंपनी वाढली तर त्याची किंमतही वाढते आणि बुडाली तर परत काही द्यावं लागत नाही. कर्ज फेडलं की नातं संपतं, पण धंदा चालो न चालो, हप्ता चुकत नाही. रॉयल्टी म्हणजे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नगामागे ठरावीक रक्कम किंवा टक्के.

रॉयल्टी ऐकायला किरकोळ वाटते, म्हणून नीट बघावं. विक्रीच्या ५ टक्के द्यायचे आणि निव्वळ नफा ८ टक्के, तर नफ्यातला ६२ टक्क्यांहून जास्त वाटा गेला. शिवाय ही रक्कम वरून निघते. त्या महिन्यात तोटा झाला तरी द्यावी लागते. वाढत्या कंपनीला जेव्हा माल भरायला रोकड हवी असते नेमकं तेव्हाच ती गळते. केव्हिन ओ'लिअरी यांची रॉयल्टीची ऑफर आली की अनुभवी उद्योजक दोन गोष्टी विचारतात: किती रक्कम वसूल झाल्यावर ती थांबेल, आणि त्यानंतर हिस्साही द्यावा लागेल का?

मिश्र डीलमध्ये तर मूळ मूल्यांकन ओळखूच येत नाही. 'शार्क टँक इंडिया'च्या पहिल्या हंगामात एका शेतीयंत्र बनवणाऱ्याने ३० लाखांना १० टक्के मागितले, म्हणजे ३ कोटींचं मूल्यांकन. डील झाली ती १० लाखांना ४० टक्के आणि वर २० लाखांचं बिनव्याजी कर्ज. हिश्शाच्या बाजूने पाहिलं तर कंपनी २५ लाखांची ठरली. तरी कामाच्या सुरुवातीच्या टप्प्यावर असलेल्याला ही डील वाईट म्हणता येणार नाही, कारण हातात पूर्ण ३० लाख आले.

८. मागितल्यापेक्षा कमी रक्कम घेता येते का?

'ड्रॅगन्स डेन' आणि अमेरिकी 'शार्क टँक'मध्ये नाही. मागितलेली पूर्ण रक्कम किंवा रिकाम्या हाताने परत. टक्क्यांवर घासाघीस चालते, रकमेवर खाली येता येत नाही. म्हणून जाणकार गरजेपेक्षा मोठा आकडा मागत नाहीत.

९. दहा मिनिटांची पिच प्रत्यक्षात किती वेळ चालते?

पाऊण-एक तास ही साधी गोष्ट. दोन तासही लागतात. पडद्यावर येते त्याच्या पाच-सहा पट सामग्री कापली जाते, आणि शोची खरी कारागिरी या कापण्यात आहे.

उद्योजक आत येऊन उभा राहतो तेव्हा बोलायला लगेच परवानगी नसते. कॅमेरे आणि प्रकाश जुळेपर्यंत काही काळ त्याला गप्प उभं राहावं लागतं, समोर पाच जण त्याच्याकडे एकटक बघत असतात. त्या वेळचे अवघडलेले चेहरे पुढे संकलनात कुठेही वापरता येतात: एखादा आकडा आला की भुवई उंचावलेला शॉट, नकारानंतर खाली गेलेली नजर. तो शॉट त्या वाक्याचाच असेल असं नाही. पाच जण एकमेकांवर बोलत असतात, ती आवाजांची सरमिसळ सोडवून एकामागोमाग एक असे प्रश्न लावले जातात. मग "माझी ऑफर आहे..." यावर जाहिरात.

कोरडे भाग आधी जातात: भागधारकांची यादी, कर, पुरवठादारांचे करार. गुंतवणूकदार बहुतेक वेळा निर्णय त्याच भागावरून घेतो. त्यामुळे प्रेक्षकाला एखादा "बाहेर" अचानक आणि उद्धट वाटतो.

ध्वनीच्या संकलनात दोन वाक्यांचे तुकडे जोडून एक वाक्य करण्याचीही युक्ती आहे. ओळखायची खूण सोपी: बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही, कॅमेरा भलत्यावर असतो आणि वाक्याच्या मध्येच आवाजाची पट्टी बदलते.

१०. म्हणजे सगळं ठरवून केलेलं असतं?

निवड ठरवून केलेली असते, निकाल नाही. निर्माते कोणाला आत सोडायचं, कोणत्या क्रमाने दाखवायचं हे ठरवतात आणि पहिल्या मिनिटाची पिच उद्योजकाकडून घासून-पुसून घेतात. काही जण गुंतवणुकीसाठी निवडलेले असतात, काही निव्वळ गंमत म्हणून, आणि आपण कोणत्या यादीत आहोत हे आत येणाऱ्याला सांगत नाहीत. पण पैसे गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खिशातले असतात आणि कोण काय मागणार हे त्याला आधी माहीत नसतं. चाळणी किती बारीक असते याची कल्पना यावी म्हणून: 'शार्क टँक इंडिया'च्या पहिल्या हंगामात सुमारे ६२ हजार अर्ज आले, १९८ जणांनी पिच केली आणि ६७ डील झाल्या.

टास्कच्या शोमध्ये बनाव जास्त. ज्या बोर्डरूममध्ये थरार घडतो तो सेट असतो. अमेरिकेत तो ट्रम्प टॉवरमध्येच उभारला होता, ब्रिटनमध्ये स्टुडिओत.

११. पडद्यावर हात मिळवले म्हणजे डील पक्की?

नाही. तो हस्तांदोलनाचा क्षण दोन्ही बाजूंना कायद्याने बांधत नाही. त्यानंतर तपासणी सुरू होते: सांगितलेली विक्री बँकेच्या खात्याशी जुळते का, कर भरलेत का, शेअर कुणाकुणाकडे आहेत, पेटंट आणि नाव कंपनीच्या नावावर आहे की संस्थापकाच्या, कुठे दावा चालू आहे का. मग अटींचा मसुदा, मग करार, मग पैसे. यात काही आठवड्यांपासून कित्येक महिने जातात.

फोर्ब्सने २०१६ मध्ये अमेरिकी शोमधल्या, पडद्यावर डील मिळालेल्या २३७ धंद्यांशी बोलून पडताळणी केली. सुमारे ७३ टक्के जणांना पडद्यावर ठरली तशी डील मिळालीच नव्हती. ४३ टक्क्यांच्या बाबतीत ती पूर्णच फिसकटली होती, बाकीच्यांच्या अटी बदलल्या.

फिसकटण्याची कारणं फारशी नाट्यमय नसतात. आकड्यांत तफावत निघते. मागे राहिलेला एखादा भागीदार सही करत नाही. गुंतवणूकदार संचालक मंडळावर जागा मागतो किंवा पुढच्या प्रत्येक निर्णयाला संमतीची अट घालतो. आणि बऱ्याचदा उद्योजकच मागे फिरतो: प्रक्षेपणानंतर विक्री एवढी वाढते की स्टुडिओत दिलेले २५ टक्के आता महाग वाटू लागतात.

१२. डील न मिळूनही लोक का जातात?

फुकट जाहिरात. प्रक्षेपणाच्या रात्री संकेतस्थळ कोसळणं ही तर नेहमीची गोष्ट. हा फायदा वाहिनीलाही माहीत होता. अमेरिकी शोमध्ये सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या प्रत्येकाला, डील होवो न होवो, कंपनीतला ५ टक्के हिस्सा किंवा नफ्यातले २ टक्के लिहून द्यावे लागत. यामुळे चांगल्या कंपन्या येणार नाहीत, म्हणून अट काढा, असा आग्रह शार्क मार्क क्यूबन यांनी धरला आणि २०१३ मध्ये ती गेली.

फायदा उचलायचा तर तयारी लागते. संकेतस्थळाची भार-चाचणी आधी करून घ्यावी. सगळा माल आधीच बनवून कर्जात अडकू नये. ऑर्डर घेताना "पाठवायला इतके दिवस लागतील" असं ठळक लिहावं आणि तेवढ्या दिवसांत पाठवावं. एका रात्रीत आलेले ग्राहक उशिराने चिडले की पुढचे सहा महिने परत आलेला माल आणि वाईट अभिप्राय निस्तरण्यात जातात. आणि लाट ओसरते हे गृहीत धरूनच माणसं नेमावीत. चित्रित झालेली प्रत्येक पिच दाखवलीच जाते असंही नाही, त्यामुळे प्रक्षेपणाच्या भरवशावर जागा भाड्याने घेणं म्हणजे जुगार.

१३. नकार देणारे चुकतात का?

चुकतात, आणि त्या चुका शोची सगळ्यात चांगली जाहिरात ठरतात. जेमी सिमिनॉफ २०१३ मध्ये 'शार्क टँक'वर कॅमेरा असलेली दारावरची घंटा घेऊन आला, ७ लाख डॉलरला १० टक्के मागितले. चौघांनी नकार दिला. ओ'लिअरी यांची कर्ज आणि रॉयल्टीची ऑफर त्यानेच नाकारली. पुढे 'रिंग' नावाने ओळखली गेलेली ही कंपनी ॲमेझॉनने २०१८ मध्ये १ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतली, आणि त्याच वर्षी सिमिनॉफ पाहुणा शार्क म्हणून खुर्चीत बसला. ब्रिटनमध्ये २००६ साली मुलांच्या बसायच्या सुटकेसचा, 'ट्रंकी'चा, पट्टा 'ड्रॅगन्स डेन'मधल्या थिओ पाफिटिस यांनी ओढून तोडून दाखवला. सुटकेस नंतर जगभर विकली गेली.

पण ही दोन-चार नावंच सगळीकडे का ऐकू येतात, हेही बघायला हवं. नकार मिळून गुपचूप बंद पडलेल्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. त्या दिवशी समोर असलेल्या माहितीवर नकार रास्त होता का, हा प्रश्न वेगळा, आणि बहुतेक वेळा उत्तर "होता" असंच येतं.

१४. 'ॲप्रेंटिस'सारख्या शोमध्ये शिकलेली माणसं इतकं वेड्यासारखं का वागतात?

कारण खेळाचे नियम त्यांना तसं वागायला लावतात. पहाटे उठवतात, वेळ एक-दोन दिवसांचा, इंटरनेट नाही, टीम कालच जुळवलेली. शिवाय टीम दोन ठिकाणी विभागलेली असते आणि दुवा म्हणजे स्पीकरवरचा एक फोन. ज्यांनी बाजार पाहिला ते वस्तू ठरवत नाहीत, जे ठरवतात त्यांनी बाजार पाहिलेला नसतो. निम्मे घोटाळे इथे तयार होतात.

दुसरा घोटाळा मालाच्या संख्येचा. एक टीम ३० चे २०० नग घेते, ६,००० खर्च. ६० ला १२० विकते, ७,२०० जमा, नफा १,२००. दुसरी फक्त १०० घेते, ३,००० खर्च. ५५ ला ९५ विकते, ५,२२५ जमा, नफा २,२२५. कमी विकून, कमी भावाने विकून दुसरी जिंकली, कारण उरलेल्या मालाला त्या संध्याकाळी शून्य किंमत असते. तरी नवे स्पर्धक दर हंगामात जास्तच माल घेतात. कमी पडला तर दोष येईल, ही भीती उरण्याच्या भीतीपेक्षा मोठी असते.

आणि दोष हेच इथलं खरं चलन. हरण्यापेक्षा हरल्याचं खापर डोक्यावर फुटणं वाईट. म्हणून प्रत्येक जण दिवसा "मी तेव्हाच सांगितलं होतं" यासाठी साक्षीदार जमवत फिरतो आणि काम बाजूला राहतं.

बक्षीस बदललं की पारखही बदलते, याचं छान उदाहरण ब्रिटिश आवृत्तीत आहे. तिथे २०१० पर्यंत विजेत्याला उद्योगपती ॲलन शुगर यांच्याकडे वर्षाला १ लाख पौंडांची नोकरी मिळे. २०११ पासून अडीच लाख पौंडांची गुंतवणूक आणि ५० टक्के भागीदारी असं झालं. त्याच वर्षी बहुतेक टास्क हरलेला संशोधक टॉम पेलेरो जिंकला. नोकर शोधताना जो पहिल्या महिन्यात गेला असता तो भागीदार शोधताना कामाचा ठरला.

१५. हे बघून धंदा शिकता येतो का?

शब्द आणि प्रश्न शिकता येतात, धंदा चालवणं नाही. वसुली, माणसं टिकवणं, पुरवठादाराने ऐनवेळी हात वर करणं, यांतलं काहीच पडद्यावर येत नाही. शिवाय प्रत्येक धंद्याला गुंतवणूकदार हवाच असतो, हा एक चुकीचा समज हे शो पसरवतात. ज्याचा माल आगाऊ पैसे घेऊन विकला जातो त्याने हिस्सा विकण्याचं कारण नाही.

तरी बघायचंच तर हातात कागद घ्या. मागणी ऐकताच थांबवा आणि मूल्यांकन लिहा. विक्री कळली की पुन्हा थांबवा, किती पट मागतोय ते काढा. मार्जिन कळलं की तुम्ही किती टक्के मागाल आणि कोणती एक शंका विचाराल, ते लिहा. मग पुढे चालवा. पाचपैकी कुणीच तुमची शंका विचारली नाही तर दोन शक्यता असतात: ती कापली गेली, किंवा तुम्हाला उत्तर आधीच कळायला हवं होतं. दहा-बारा पिच अशा बघितल्या की आपण वस्तूच्या प्रेमात पडून आकडे विसरतो का, हे स्वतःचं स्वतःलाच दिसतं.

१६. मला जायचं असेल तर तयारी काय करू?

सुरुवातीचं बोलणं दीड मिनिटात बसवा: कोण, काय, किती मागणी. प्रात्यक्षिक पहिल्या मिनिटाच्या आत. चालू स्थितीतला जादा नमुना सोबत ठेवा, दिव्यांच्या उष्णतेत आणि हात कापत असताना वस्तू हमखास रुसते.

गेल्या तीन वर्षांची विक्री आणि नफा, नगामागचा खर्च, दोन्ही मार्गांचं मार्जिन, ग्राहक मिळवण्याचा खर्च, पडून असलेला माल, कर्ज, उधारी, आतापर्यंत घातलेले पैसे, भागीदारांचे टक्के हे सगळं एका कार्डावर लिहून तोंडपाठ करा. सराव करताना समोरच्याला मध्येच तोडायला सांगा. सलग म्हणण्याचा सराव तिथे कामी येत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं घरी ठरवून जा: जास्तीत जास्त किती टक्के. आज २५ टक्के दिले तर तुमच्याकडे ७५ उरतात. पुढच्या फेरीत २० टक्के गेले की ६०, त्यानंतर आणखी २० टक्के गेले की ४८. भागीदार आधीच असेल तर हे आकडे अर्ध्यावर येतात. दिव्यांखाली, पाच जण वाट बघत असताना हा गुणाकार कुणालाच जमत नाही, म्हणून तो कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.

१७. जुने भाग आता बघण्यात अर्थ आहे का?

नव्यांपेक्षा जास्त. निकाल लागून दहा-पंधरा वर्षं झालेली असतात. भाग संपला की कंपनीचं नाव शोधा: आहे, बंद पडली, की कुणी विकत घेतली. मग शेवटची दोन मिनिटं पुन्हा बघा, कोणत्या परीक्षकाने कोणतं कारण देऊन नकार दिला होता ते. एकाच परीक्षकाचे असे पाच-सहा नकार तपासले की कोण धंदा पारखतो आणि कोण माणूस, हे वेगळं दिसू लागतं.